वरचे तीस रुपये

"मंगल, दिवसाची पहिली भवानी आधी देवाच्या पायाला लाव, मग पाणी पी." दुकानाच्या किल्ल्या हातात देताना सासूबाई एवढंच बोलल्या होत्या. त्याला एकवीस वर्षं झाली. म्हसवडच्या आमच्या लुगड्यांच्या दुकानात पहिल्या विक्रीचे पैसे सिद्धनाथाच्या तसबिरीपुढं ठेवल्याशिवाय मी घोटभर पाणीही घेत नाही.

त्या रविवारी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जतकडच्या अंबूबाई. पंधराशेचं हिरवं इरकल घेतलं आणि फौजेतल्या नातवानं दिलेलं कार्ड पुढं केलं. माझ्या सुनेनं, उत्कर्षानं, मशीनवर पंधराशे तीस मारले.

"भाव पंधराशे बोललीस की गं," अंबूबाई पावती निरखत म्हणाल्या.

"आजी, कार्डाला दोन टक्के बँक कापती."

"बँकेनं काय लुगडं विणलं व्हय?"

मला हसू आलं. "तुमी गाडीत बसायच्या आत विचारून सांगते," म्हटलं. त्या देवळाकडं गेल्या.

आता देवापुढं ठेवायचं काय? हातात तर काहीच आलं नव्हतं.

"मशीनच ठेवा, आत्या," उत्कर्षा म्हणाली.

खरंच ठेवलं. हळदकुंकू वाहावं का, ते कळेना.

मशीन बसवून गेलेल्या इंद्रजितला फोन लावला.

"काकू, ती फी दुकानदाराची. गिऱ्हाइकावर घालायची न्हाई, तशी तुमची सही हाय."

"बरं. पण उद्या आपले पंधराशे येतील ना?"

"टक्के पंधराशे तीसवर लागत्यात. चौदाशे नव्व्याण्णव रुपये चाळीस पैसे येतील. त्यातनं फीवरचा कर परत वेगळा."

मी बोटांवर तीनदा मोजलं. अंबूबाईंचे तीस गेले, आमचेही पुरते आले नाहीत, आणि घेणारा कुणालाच दिसला नाही.

"आपण लुटलं न्हाई, आत्या. खर्च काढला," उत्कर्षा म्हणाली. तिचंही चूक वाटेना. पण बोललेल्या भावाच्या वरचं काही त्या मशीनमध्ये होतं, आणि तेच मी देवापुढं ठेवलेलं. भवानी झाली म्हणायची की नाही? घसा सुकला होता.

जतची गाडी पावणेबाराला. मी बटव्यातून तीस रुपये काढले.

"पाणी तरी पिऊन जा."

"आल्यावर," म्हणाले, पदर डोक्यावर घेतला आणि स्टँडकडं निघाले.