शेवाळे सरांचा उघडा हात

शेवाळे सरांचा मार खाल्ला नाही असा पोरगा त्या शाळेत दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. त्यांच्या वेताला पोरांनी 'मामा' असं नाव ठेवलं होतं. सर मुख्याध्यापक होते; मामा त्यांच्या टेबलावर आडवा पडलेला असायचा, आणि तळहातावर येताना हात मागं घेतला तर दोन जादा असा सरांचा नियम होता. पिंपळगावातल्या मोठ्या माणसांना याचं भारी कौतुक. शाळेचा निकाल चांगला लागतोय ना, मग झालं तर! स्वतःचे हात सुजल्याचं माणसं किती लवकर विसरतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

हेच सर दहावीच्या निरोप समारंभात मात्र लोण्यासारखे मऊ व्हायचे. शुभेच्छांचं भाषण संपवताना ते मामाला हातात घेऊन पुढं यायचे, उजवा हात पसरायचे आणि म्हणायचे, "ज्याला मी अन्यायानं मारलं असेल, त्यानं आज वर यावं आणि हा वेत माझ्या हातावर ओढावा." मग मुली हुंदके द्यायच्या, पाहुणे चष्मे पुसायचे आणि पोरं रांगेनं येऊन सरांच्या पाया पडायची. परीक्षेची हॉल तिकिटं सर तेव्हाच एकेकाच्या हातात द्यायचे. अकरा वर्षांत वेत उचलायला कुणी आलं नव्हतं. येणार कोण? तिकीट सरांच्या फायलीत असताना एवढी छाती कुणाची होती?

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत दत्तू गावित तिसऱ्या ओळीत बसून त्या हाताकडं बघत होता.

दत्तूचं घर हरसूलच्या पलीकडं, डोंगरात. द्राक्षांच्या हंगामात आई-बाप कामाला पिंपळगावला यायचे, ते पुढं तिथंच राहिले. आई चिमणाबाई पॅकहाऊसमध्ये घड निवडायची. दहावी व्हायचं, आयटीआय करायचं आणि ओझरच्या कारखान्यात चिकटायचं, हे दत्तूनं आठवीतच ठरवून टाकलं होतं. आठवीतच त्याचा डावा कानही गेला.

झालं होतं एवढंच, की प्रार्थनेच्या वेळी नवनाथ हसला आणि सरांची चपराक बसली त्याच्या शेजारच्या दत्तूला. कानात फट् झालं. आठ दिवस कान वाहिला, चिमणाबाईनं कोमट तेल सोडलं, वाहणं थांबलं आणि ऐकू येणंही थांबलं. पुढची दोन वर्षं सर वर्गात फेरी मारताना डाव्या अंगानं काही विचारायचे, दत्तू गप्प. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून मामा यायचा. म्हणजे कान घालवलाही सरांनी, आणि ऐकू येत नाही म्हणून मारलंही सरांनीच. वर्गातल्या सगळ्या पोरांना हे ठाऊक होतं, ती त्याला बहिऱ्या म्हणायची. सरांना सांगायची हिंमत मात्र कुणाला झाली नाही. दत्तूला तर धास्तीच होती, की बहिऱ्याला शाळेत ठेवत नसतील. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "गुरुजींनी मारलं म्हंजे तुझंच काहीतरी चुकलं आसंल."

त्याला सरांना मारायचं नव्हतं. आपण दुर्लक्ष करत नव्हतो, एवढं सरांना कळावं आणि सगळ्यांसमोर कळावं, इतकीच त्याची इच्छा होती. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायचं. तिकीट अडकलं तर वर्ष जाईल, हेही त्याला कळत होतं.

"आहे कुणी?" सरांनी ठरल्याप्रमाणे विचारलं.

दत्तू उठला. नवनाथनं त्याची विजार धरून खाली ओढलं, "येडा झाला काय? बस!" तरी तो हात झटकून मंचावर गेला.

सरांना वाटलं, पोरगं पाया पडणार. त्यांनी आशीर्वादाला हात उचललासुद्धा. पण दत्तू वाकला नाही. माईकपाशी उभा राहून तो म्हणाला, "सर, मला मारायचं नाय. फक्त सांगायचंय. आठवीत तुमी कानाखाली मारली ना, तवापासून डाव्या कानानं मला काय ऐकू येत नाय. मी मुद्दाम गप बसत नव्हतो."

संस्थेच्या अध्यक्षांनी मान वळवून सरांकडं पाहिलं, आणि सरांना ती मान फार झोंबली. दत्तूच्या डावीकडून पुढं होत ते हळू आवाजात काहीतरी बोलले.

"काय सर?" दत्तूनं विचारलं.

ऐकू आलं नाही म्हणून पोरगं विचारतंय, हे आता तरी कळायला हवं होतं! पण सरांना तो उर्मटपणा वाटला. त्यांनी वेत दत्तूच्या हातात कोंबला, तळहात पुढं केला आणि मोठ्यानं म्हणाले, "पुराण पुरे. हिंमत असेल तर मार!" अजूनही त्यांना खात्री होती, की हे पोरगं वेत टाकून पायांवर पडेल.

वेत हातात आला आणि दत्तूच्या अंगात दोन वर्षांचा राग एकदम उसळला. वळ उमटलेल्या हातानं लिहिलेल्या वह्या आठवल्या, हसणारा वर्ग आठवला. त्यानं हात खांद्याच्या वर नेला आणि सपकन वेत ओढला.

सरांनी हात मागं घेतला.

वेत टेबलावर आपटला, ग्लास फुटून पाणी पाहुण्यांच्या बुटांवर सांडलं. मग मागच्या ओळीतून कुणीतरी सवयीनंच ओरडलं, "हात काढला, दोन जादा!" आणि सगळा मंडप हसला. पोरं हसली, आचारी हसले, अध्यक्षांनीही तोंडावर रुमाल धरला.

दत्तूला ते हसू ऐकू आलं आणि चेव चढला. दुसरा फटका त्यानं वाट न बघता मारला. तो सरांच्या मनगटावर बसला, घड्याळाची काच फुटली आणि हातावर रक्त आलं. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मलाही हे सांगताना बरं वाटतंय. तिसऱ्यासाठी त्यानं हात उचलला.

तेवढ्यात सरांची उलट्या हाताची चपराक आली. अकरा वर्षं सरावलेला हात तो, कुठं बसायचं ते त्याला पाठ. तो दत्तूच्या उजव्या कानावर बसला. दत्तू टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळला, भुवई फुटली. शिपाई आणि पीटीचे सर धावले. त्यांना वाटलं पोरगं पुन्हा अंगावर जाईल, म्हणून दोघांनी मिळून पडल्या पडल्या त्याला लाथा घातल्या. वर्गशिक्षिका सविता मॅडम मध्ये पडल्या तेव्हा कुठं ते थांबले. दत्तूच्या उजव्या कानातून रक्ताची बारीक धार येत होती.

मॅडमनी त्याला उचलून मंचाच्या पायरीवर पोरांकडं तोंड करून बसवलं आणि रुमाल कानाला लावला. त्यांचे ओठ हलत होते. दत्तू त्या ओठांकडं बघत राहिला. रुमाल त्याच्या हातात देऊन मॅडम रिक्षा बघायला धावल्या. कानात आधी एक लांब शिट्टी वाजली, मग तीही विझली. माईक होता, मांडवावर कावळे होते, हमरस्त्यावरून टेम्पो जात होते. कशाचाच आवाज नव्हता.

आणि समारंभ पुढं चालू झाला! पाहुणे आले होते, जेवण तयार होतं, थांबवायचा कसा? सरांनी मनगटाला रुमाल गुंडाळला, माईक हातात घेतला, "झाल्या प्रकाराला माझ्याकडून माफी आहे," असं जाहीर केलं. दत्तूला, बरं का. मग फाईल उघडून ते एकेक नाव पुकारू लागले. पोरं आली, वाकली, तिकीट घेऊन गेली. सर प्रत्येकाला म्हणत होते, "यशस्वी हो, शाळेचं नाव काढ."

"गावित दत्तू सहादू."

पायरीवरची पाठ हलली नाही.

"गावित दत्तू!" सरांचा आवाज चढला. तिसऱ्यांदा त्यांनी माईक तोंडाला चिकटवून नाव घेतलं, आणि तरीही पाठ हलेना तेव्हा ते कडाडले, "अजून मस्ती जिरली नाही? नाव घेतलेलं कळत नाही? लक्ष कुठंय तुझं?" एका हातात तिकीट धरून त्यांनी दुसऱ्या हातानं टेबलावरचा वेत उचलला.

नवनाथ उभा राहिला. "सर, त्याला ऐकू येत नाय!"

मग शेजारची संजना उठली. मग तिची ओळ, त्यामागची ओळ, बघता बघता सगळा वर्ग उठला. दोन वर्षं गप्प बसलेली ती पोरं गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "त्याला ऐकू येत नाय सर! ऐकू येत नाय!" सर वेत उगारून तसेच राहिले.

दत्तूनं मान वर केली. समोर सगळा वर्ग एकदम उभा राहिलेला, सगळ्यांची तोंडं एकदम उघडलेली. त्याला वाटलं, समारंभ संपला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. त्यानं रुमाल पायरीवर ठेवला, कठड्याला धरून उठला, टाचा जुळवल्या आणि दोन्ही हात मांड्यांना चिकटवून सावधान उभा राहिला. रक्ताचा ओघळ कानावरून कॉलरपर्यंत आला, पण त्यानं तो पुसला नाही, कारण राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नसतं.