कार्डाची मागची बाजू

बाबांच्या नावावर उभ्या जन्मात एकच शब्द आहे, आणि तो कोणी ऐकलेला नाही. प्राचीन जर्मानिक भाषेतला. ती भाषा कोणी लिहून ठेवली नाही. तिच्या लेकी, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरे, शेजारी शेजारी बसवायच्या, त्यांच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा ताडायचा, आणि अशा ताडलेल्या शब्दापुढे एक चांदणी काढायची. बाबांच्या चांदणीवाल्या शब्दाचा अर्थ होता, 'घरात असून नसलेला'. पुढे एका लेकीकडे त्याचा 'पाहुणा' झाला आणि दुसरीकडे 'भूत'. या प्रवासावर बाबांनी जाडजूड ग्रंथ लिहिला, परिषदा गाजवल्या. सगळी भिस्त मात्र पुराव्याच्या एकाच शब्दावर: एका मेलेल्या बोलीतला, त्याच अर्थाचा, आणि तो होता फक्त आईच्या अक्षरातल्या एका कार्डावर.

बाबांच्या शब्दनोंदींची कार्डं आई लिहायची. फुकट, जन्मभर. बाबा पुढच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या टेबलावर. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

आता बाबांचा कोश छापायला चाललाय आणि आधार तपासायचं लचांड माझ्या गळ्यात पडलंय. त्या कार्डावर ना ग्रंथाचं नाव, ना पान. म्हणून मी ते उलटलं.

मागे आईने लिहिलं होतं: 'असा शब्द कुठेच नाही. तुमच्यावरून मी केलाय. हे वाचाल तेव्हा हाक मारा.' खाली बत्तीस वर्षांपूर्वीची तारीख.

सांगितलं तर बाबांचं आयुष्य पाण्यात, नाही सांगितलं तर आईची थट्टा कोशात छापून येणार. आधी मला आईचा राग आला. मग बाबांचा त्याहून जास्त आला, आणि मी कार्ड त्यांच्यासमोर आपटलं.

बाबांनी वाचलं.

"ती सारखी विचारायची," ते म्हणाले. "'कार्डं उलटून बघता ना?' मी म्हणायचो, 'हो.'"

"बाबा, आता शब्दाचं काय करायचं?"

त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि ती नोंद खोडली. आडवी रेघ, एकदाच. मग उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी हाक मारली.

आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.