पाखरीची तहान

बदलापूर स्टेशनाबाहेर, टांग्यांच्या अड्ड्यावर, घोड्यांना पाणी पाजायचा एक दगडी हौद होता. अंबरनाथचा शिवरात्रीचा मेळा उठला की दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या देवळापासून या हौदापर्यंत टांग्यांची शर्यत लागायची. शेवटाला दोरी नाही, रेघ नाही. जो घोडा हौदाचं पाणी आधी प्याला, तो जिंकला. पूर्वी दोरी होती, दोरीला पंच होते, आणि पंच दरवर्षी कुणीतरी विकत घ्यायचं. शेवटी गावाने ठरवलं, माणूस फितवता येतो, तहान कशी फितवणार? तेव्हापासून पंच गेले आणि हौद आला. पैजा घेणारेही शहाणे, त्यांनी हौदाचा नाद सोडला आणि टांगेवाले धरले.

शिरगावच्या हिरामणची पाखरी या रस्त्याची लाडकी. तांबूस अंग, कपाळावर पांढरी चांदणी, चाल अशी की रस्त्यावर कुणी दाणे पाखडतंय असं वाटावं. घोडी हिरामणची, पण तिला पोसायची सगळी वाट. शिरगावात सात दारं तिची ठरलेली. त्या दारापुढे आली की ती आपली आपण थांबायची. कुणी भाकरीचा तुकडा द्यायचं, कुणी कोंडा, कुणी नुसताच कपाळावरून हात फिरवायचं. तोवर टांग्यातल्या माणसांनी गप्प बसायचं. फॅक्टरीतले विष्णुपंत साहेब पहिल्या दारी घड्याळ बघायचे, दुसऱ्या दारी सुस्कारा टाकायचे आणि चौथ्या दारी स्वतःच खाली उतरून खिशातले चणे तिच्यापुढे धरायचे. निर्वासितांच्या कॅम्प एकचे सिंधी शेठ मेळ्याला येताना तिच्यासाठी बत्तासे बांधून आणायचे आणि तिच्या कानात सांगायचे, "राणी, इस बार जीत जा, साईं."

पाखरी जिंकायची मात्र नाही.

शर्यतीच्या दिवशी सगळं शिरगाव वळणावर बघायला जमायचं, दारांत कुणी नसायचं, म्हणून ती तिथे थांबायची नाही. दोन वर्षं ती अर्ध्या वाटेपर्यंत पुढे असायची, आणि शिरगावच्या वळणावर हिरामणचा डावा हात हळूच लगाम ओढायचा. अंबरनाथच्या कोंडाजीचा सुलतान भरकन पुढे जायचा. हात ओढायचे पैसे जयदेव द्यायचा. मेळ्यात पानाच्या टपरीमागे बसून हा जयदेव पैजा घ्यायचा. मुंबईच्या रेसचे आकडेही त्याच्याकडे लागायचे. हिरामणचा हात सगळ्यांनी पाहिलेला. तरी पुढच्या मेळ्याला पावली पुन्हा पाखरीवरच.

"अरे, तो हिरामण लगाम ओढतो, दिसत नाय काय तुला?" कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं.

"मी पाखरीवर लावतो, हिरामणवर कुठं लावतो?"

हिरामणला यातलं काही लागायचं नाही. लागली ती एक रखमाबाई.

रखमाबाईचं घर म्हणजे शिरगावातलं सातवं दार. गेल्या साली तिने हातातला चांदीचा गोठ पाखरीवर लावला, आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी अर्धी भाकरी घेऊन दारात उभी. घोडीला भरवलं, मान खाजवली, आणि हिरामणकडे न बघता पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला चालत निघाली. त्या दिवसापासून ती त्याच्या टांग्यात बसली नाही. उन्हात नाही, ताप अंगात असताना नाही. वर्षभर पाखरीला भाकरी आणि हिरामणला पाठ. वर पहाटे जात्यावर तिची ओवी चालायची, ती टांगा जोडताना त्याला स्वच्छ ऐकू यायची:

पाखरी घोडीयेच्या कपाळी गं चांदणी
माझ्या दारी येती तिची भाकरीची मागणी

इथवर ठीक होतं. पुढे यायचं:

हिरामण टांगेवाला, हात त्याचा डावरा
घोडी पळे वाऱ्यावानी, धनी तिचा बावरा

चोपन्न सालच्या मेळ्याला जयदेव पानाचा विडा घेऊन अड्ड्यावर आला, तेव्हा हिरामण घोडीच्या आयाळीला गोंडे बांधत होता.

"औंदा नाय जमायचं," तो म्हणाला. "औंदा लगाम ढिला."

"का रे? वाल्मिकी झाला काय तुझा?"

"म्हातारी टांग्यात बसत नाय."

जयदेवला यातलं काही कळलं नाही, पण तो हसला. "बरं बाबा. तू नको ओढू."

आणि त्याने खरंच हिरामणचा पिच्छा सोडला. त्याने गुळाची अख्खी ढेप विकत घेतली, फोडली आणि शिरगावच्या सातही दारी खडे वाटले. निरोप एकच: उद्या पाखरी दारावरून जाईल, तिचं तोंड गोड करा. बायाबापड्यांचे डोळे भरून आले. "माणूस सुधारला हो," असं पाचव्या दारची सुनंदा म्हणाली, आणि तिने तो खडा देवापुढे ठेवला.

कोंडाजीला जयदेवने तेवढं सांगून ठेवलं, "तू सावकाश ये. शिरगावात ती जेवायला बसणार."

शर्यत सुटली आणि पाखरी अशी निघाली की पोरांच्या हातातल्या मेळ्याच्या फिरक्या आपोआप फिरल्या. गोंडे उडतायत, घुंगरं वाजतायत, आणि हिरामणचे दोन्ही हात मांडीवर. लगाम तिच्या पाठीवर नुसता टाकलेला. मागे कोंडाजीचा जीव निवांत. ऊन रणरणत होतं, सुलतानच्या तोंडाला फेस आला होता, आणि कोंडाजीचाही आपल्या घोड्यावर जीव होता. शिरगावच्या अलीकडे ओढा लागला तसा त्याने टांगा थांबवला. "पी राजा, घाई कसली." सुलतान पोटभर प्याला, वर पाय बुडवून गार झाला.

इकडे पाखरी पहिल्या दारी येऊन उभी राहिली. गूळ. दुसरं दार. गूळ. हिरामणने "चल चल" केलं, जीभ वाजवली, हात जोडले. तिसऱ्या दारी तो खाली उतरून तिला ढकलू लागला, तर तिथला म्हातारा रागावला. "खाऊ दे की तिला. रोज कोंडा खाते बिचारी."

"आबा, शर्यत आहे."

"म्हणून तर गूळ दिला."

पाचव्या दारी सुनंदाचा देवापुढचा खडा संपेपर्यंत सुलतान खणखण घंटा वाजवत बाजूने गेला. कोंडाजीने टोपी काढून रामराम केला. सहावं दार झालं. सातव्या दारी रखमाबाई उभी होती, पदरात गूळ, आणि मूठ पुढे केलेली.

मूठ उघडायच्या आधी तिची नजर लगामावर गेली. तो पाखरीच्या पाठीवर सैल लोंबत होता. मग तिने हिरामणचे हात पाहिले. वर्षात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"डावा हात कुठाय रं तुझा?"

"हा काय, मावशी. मांडीवर."

"मग घोडी का थांबली?"

"तुमच्या गुळापायी. सगळ्या दारी थांबली. जयदेवनं वाटलाय तो."

रखमाबाईने एकदा मुठीकडे पाहिलं, एकदा दूर चाललेल्या सुलतानकडे. मग तिने तो लिंबाएवढा खडा आपल्याच तोंडात कोंबला, लुगडं सावरलं आणि चाकावर पाय देऊन टांग्यात चढली. शर्यतीत बाईमाणूस टांग्यात बसू नये असा नियम कुणी केला नव्हता. कुणी बसेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"हाक," ती गालात गूळ धरून म्हणाली.

"मावशी, वजन होईल."

"दुसरा गोठ लावलाय मी आज. हाक म्हटलं ना."

हिरामणला काही हाकावंच लागलं नाही. सातवं दार मागे पडलं की पुढे रस्ता मोकळा, आणि त्याच्या टोकाला हौद, हे पाखरीला रोजचं ठाऊक. सहा दारचा गूळ पोटात, घशाला कोरड, वरून ऊन. ती पळाली नाही, उधळली. टांगा एका चाकावर वळला. रखमाबाईचा अंबाडा सुटला, डोळ्यांतून हसून पाणी यायला लागलं, आणि तोंड गुळाने भरलेलं असल्यामुळे तिला ना ओरडता येई ना ओवी म्हणता येई. ती नुसती हिरामणच्या पाठीवर थापा मारत होती. वर्षभर जी पाठ फिरवलेली, तिच्या बदल्यात या थापा. हिरामणला त्या लागत होत्या आणि हव्या होत्या.

तरीही सुलतान आधी पोचला. चांगला दहा हात आधी. त्याने हौदावर मान नेली, पाणी हुंगलं आणि फुर्र करून मान वर केली.

"पी बाबा," कोंडाजी म्हणाला.

सुलतानने शेपटीने माशी हाकलली.

"अरे पी ना. एक घोट." कोंडाजीने ओंजळीने पाणी त्याच्या ओठांना लावलं, ते त्याने शिंकून कोंडाजीच्याच सदऱ्यावर उडवलं. अड्डाभर माणसं श्वास धरून उभी. इतक्यात गर्दी फाटली, आणि पाखरीने टांग्यासकट येऊन डोळ्यांपर्यंत तोंड हौदात घातलं. गट, गट, गट. तेवढाच आवाज. मग जे काही झालं त्याने पिंपळावरचे कावळे संध्याकाळपर्यंत परत बसले नाहीत.

विष्णुपंत साहेब घड्याळ विसरून नाचले. सिंधी शेठ पाखरीच्या ओल्या तोंडाचे मुके घेत होते. जयदेव गर्दीतून निसटायच्या बेतात होता, पण त्याच्याभोवती चार आणे लावणारी दोनशे माणसं गोल करून उभी राहिली, फार प्रेमाने. "आणि गुळाबद्दल आभार हो," सुनंदा त्याला मनापासून म्हणाली. ती एकटीच अजून त्याला सुधारलेला मानत होती.

रखमाबाई खाली उतरली. गूळ विरघळला होता. जयदेवकडून वसूल केलेले दोन्ही गोठ, गेल्या सालचासुद्धा, मनगटात चढवून तिने कनवटीचा एक आणा सोडला आणि हिरामणपुढे धरला.

"मावशी, आज कसलं भाडं?"

"शिरगाव ते स्टेशन एक आणा. घेतला नाय तर उद्या चालत जाईन."

त्याने दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे टांगा जोडताना त्याने कान दिला. जातं घरघरत होतं. चांदणी आली, भाकरीची मागणी आली. मग:

हिरामण टांगेवाला, हात त्याचा मोकळा
गूळ खाऊन पळे घोडी, धनी तिचा भोळा

बावऱ्याचा भोळा झाला होता. शहाणा व्हायला आणखी किती मेळे लागतील, असा विचार करत हिरामणने टांगा काढला, आणि पाखरी नेहमीप्रमाणे पहिल्या दारी जाऊन उभी राहिली.