ठोसा आधी, आवाज मागून

आमच्या साहेबांना वायरींमधलं सगळं कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. लिफ्ट दुरुस्त करतात ना! माणसं वरच्या मजल्यावर धडधाकट पोचतात, म्हणजे जगातली कुठलीही वायर आपल्या मुठीत, असा त्यांचा तोरा. लग्न झाल्यापासून मी तो झेलतेय.

त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, आमच्याकडेच राहतात. भाऊजींचे डोळे लहानपणीच तापात गेले. पण कान! मी पडदे शिवते. आतल्या खोलीत माझ्या मशीनचा टाका सुटला, तर हे बाहेरून सांगणार, "वहिनी, दोरा बघा." टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर ते मारामारीचा गेम खेळायचे, निव्वळ कानांवर. समोरच्या पैलवानाचा पाय घासला की लाथ येणार, श्वास ओढला की ठोसा. आवाज झाला रे झाला की यांचं बोट बटणावर. चांगल्या डोळसांना धूळ चारायचे.

साहेबांनी तो खेळ रोज संध्याकाळी लोकांना थेट दाखवायला सुरुवात केली. कन्सोलमधून एक वायर टीव्हीला, दुसरी एका छोट्या पेटीतून कॉम्प्युटरला आणि तिथून जगाला. बघायला ही गर्दी! सगळे भाऊजींची वाहवा करायचे. वायरी कोणी जोडल्या हे एकानंही विचारलं नाही. साहेब जेवायला बसले की तोंड फुगलेलं.

मग एका लांबच्या संघाच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. महिन्याभरानं रविवारी चाचणीचा सामना खेळा, जिंकलात तर आमच्याकडे या, राहायला खोली, हाताला काम. भाऊजी त्या दिवशी जेवलेच नाहीत, नुसते हसत होते. "वहिनी, कोणाचा हात न धरता राहायचं हो!" एवढंच परत परत.

त्याच सुमाराला प्रेक्षकांची तक्रार आली. पेटीतून कॉम्प्युटरमध्ये जाता जाता खेळाचं चित्र आणि आवाज जरा मागे पडायचे, भाऊजींचा माइक मात्र थेट. त्यामुळे लोकांना त्यांचं "हाणला!" आधी ऐकू यायचं आणि ठोसा नंतर दिसायचा. खिदळायला लागले मेले. उपाय साधा होता. माइकचा आवाजही तेवढाच मागे सारायचा, कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असते. पण साहेबांनी काय करावं? कोणाला न सांगता भाऊजींच्या हेडफोनची वायर टीव्हीतून उपटली आणि कॉम्प्युटरमध्ये खुपसली. आता भाऊजींनाच सगळं उशिरा ऐकू येणार, म्हणून ते ओरडणारही उशिरा. लोकांना मात्र सगळं कसं छान जुळलेलं.

तेव्हापासून भाऊजी मार खायला लागले. पोरंटोरंही हरवायची.

"दादा, आवाज मागून येतोय का रे?"

"नाही बुवा. सगळं होतं तसंच आहे." मग साहेबांनी हळूच पुस्ती जोडली. "आईचंही असंच सुरू झालं होतं, नाही? आपण बोललेलं तिला उशिरा कळायचं."

सासूबाई शेवटी ठार बहिऱ्या झाल्या होत्या. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. डोळे नसलेल्या माणसाला कानांची भीती घालायची! माणूस आहे की कोण?

प्रेक्षक खाली काय लिहितात ते साहेबच वाचून दाखवायचे. पूर्वी जांभया देत वाचायचे, आता घसा साफ करून, अगदी रंगवून. "हा म्हणतोय, आंधळा होताच, आता बहिरापण झाला." चांगलं लिहिणारेही होते, मी मागे उभी राहून वाचलं होतं. ते वाचायची वेळ आली की साहेब पंखा बंद करायला उठायचे.

एका संध्याकाळी मी पडद्याला काज करायला बाहेर बसले आणि माझ्या लक्षात आलं. टीव्हीवर ठोसा बसायचा, आणि भाऊजी त्यानंतर दचकायचे. दर वेळी. मी हेडफोनची वायर बोटानं धरून शेवटपर्यंत गेले, कुठे खुपसलीय ते पाहिलं आणि साहेबांना स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, त्यांना सगळं उशिरा ऐकू येतंय."

"माहितेय मला."

"मग बदला की!"

"आणि तो त्या संघात गेला म्हणजे हा कार्यक्रम बंद. मी परत नुसते ग्रीसचे हात पुसत बसू? तू यात तोंड घालू नकोस."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साहेब कामावर गेल्या गेल्या मी भाऊजींना सगळं सांगितलं. वायर काढून परत टीव्हीला लावली. त्यांच्या हातात खेळाचा रिमोट दिला. "खेळा आता. तुमच्या कानांना काही झालेलं नाही."

खेळले. आणि हरले. पुन्हा खेळले, त्याहून वाईट हरले.

मला बघता बघता उमगलं. इतके दिवस उशिराच्या आवाजावर निभावताना ते बिचारे आवाजाची वाट न बघता अंदाजानं आधीच बटण दाबायला शिकले होते. आता आवाज वेळेवर येत होता आणि बोट त्याच्या आधी पळत होतं. ठोसा यायच्या आत यांच्या पैलवानाचा हात अडवायला वर जाऊन खाली यायचा, आणि मग फाडकन बसायचा. मी हे सगळं घाईघाईनं समजावलं. "थोडे दिवस असेच खेळा, सवय मोडेल. बाईंना म्हणावं, सामना पुढे ढकला."

भाऊजींनी हेडफोन काढून नीट गुंडाळला. "वहिनी, उशीर झाला तरी दोष वायरीचा, घाई झाली तरी वायरीचाच?"

"अहो, खरंच सांगते!"

"तुम्ही माझं मन राखताय. कळतं मला."

माझ्यासमोरच त्यांनी बाईंना फोन लावला. कान साथ देत नाहीत, म्हणाले, जागा दुसऱ्या कोणाला द्या. बाईंनी फार आग्रह केला, पण यांनी आभार मानून फोन ठेवला.

साहेब घरी आले तशी मी दारातच ओरडले. "सांगा त्यांना! वायर तुम्ही बदललीत, ते सांगा!"

भाऊजींनी मान वर केली. एवढीशी का होईना, आशा होती हो त्या चेहऱ्यावर, मी पाहिली. साहेबांनी चपला काढल्या, त्यांच्याशेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला. आणि तापलेल्या पोराला औषध पाजताना काढतात तसा आवाज काढून म्हणाले, "हो रे राजा. वायरीचाच दोष होता. तुझ्या कानांना काहीसुद्धा झालेलं नाही."

भाऊजींनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "राहू दे दादा," ते म्हणाले. "वहिनींचं समजू शकतो. तू तरी खोटं नको बोलूस."