लिंबाच्या चित्राची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी फवाऱ्याची बाटली आहे. एका तीन मजली ऑफिसच्या जिन्याखालच्या कपाटात राहते. पोटात संडास-बाथरूम धुवायचे द्रावण आणि अंगावर पिवळ्याधमक लिंबाचे चित्र. बस्स, एवढीच माझी ओळख!

सफाईवाल्या मावशींचा माझ्यावर फार जीव. काम संपले की मला पुसून मगच जागेवर ठेवत. माझा खटका अडकला की म्हणत, "रुसलीस का गं? चल, एकच मजला उरलाय." मग मी कशी रुसून राहणार?

माझ्या शेजारी झुरळांच्या औषधाचा डबा. त्याचा थाट काय विचारता! स्वतंत्र कुलूप आणि अंगभर बारीक अक्षरे: आत काय आहे, हातमोजे घाला, त्रास झाला तर काय करा. कीटकनाशकांचे सरकारी तपासनीस येऊन त्याचीच विचारपूस करत. एकदा मावशींनी मला पुढे केले, तर ते म्हणाले, "ही साफसफाईची. हिला आमचे नियम नाहीत."

मावशींना हायसे वाटले. डबा काढताना त्या हातमोजे घालत, नाकाला रुमाल बांधत. मला मात्र उघड्या हाताने घेत. जिच्यावर काही लिहिलेले नाही तिचा त्रासही नाही, असे त्यांनी मनाशी पक्के धरले होते.

एका दुपारी, बाहेर वास जायला नको म्हणून बाथरूमचे दार लावून त्यांनी मला भरपूर फवारले. खोकल्याची उबळ आली, श्वास अडकला आणि त्या भिंत धरून खाली बसल्या. शिपाईकाकांनी त्यांना दवाखान्यात नेले, बरोबर मलाही.

डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "काय आहे हिच्यात?"

"लिंबू असेल," काका चाचरत म्हणाले.

"अहो, लिंबानं श्वास कोंडतो का कधी?"

काकांनी ऑफिसातून नंबर मिळवला आणि बाईंनी मला बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. उत्तर आले, "मॅडम, झुरळांचं औषध असतं तर सगळं छापलं असतं. याला तशी सक्ती नाही, म्हणून आत काय आहे ते आम्ही सांगत नाही."

बाईंनी अंदाजानेच उपचार केले. मावशी धापा टाकत होत्या आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मावशी वाचल्या. जिना चढताना मात्र अजून दम लागतो. कामावर परतल्या तेव्हा वाटले, आता मी कचऱ्यात जाणार. पण त्यांनी लिंबावर एक कागद चिकटवला: 'दार उघडं ठेवा. हातमोजे घाला. आत काय आहे, ते कंपनी सांगत नाही.'

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्या बहिणी असतील. त्यांना जपून हाताळा. आणि मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणी नियम लिहायला बसलेच, तर माझे एवढे ऐका. जी मला रोज मायेने पुसते, तिला मी कोण आहे ते मला सांगता येऊ द्या.