मोंबासाच्या मच्छरदाणीचे रंगीत टाके

मी एक जुनी मच्छरदाणी आहे. मूळची पांढरीशुभ्र हं, मित्रांनो! आता अंगावर लाल, हिरवे, निळे टाके दिसतात ना, त्यांचीच ही गोष्ट.

माझा जन्म आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरातला. तिथे हिवताप घरोघरी. दवाखान्याचा माणूस ढोल वाजवत वस्तीत यायचा, पाणी साचलेल्या करवंट्या पालथ्या करायला लावायचा आणि बजावायचा, "डास चावू देऊ नका, गरोदर बायांना तर मुळीच नाही!" मला शिवणाऱ्या म्वानाइशाबाईंचं तान्हं बाळ तापानं गेलं होतं. म्हणून गादीखाली खोचायची माझी कड त्यांनी दुप्पट जाड शिवली. गोदीतला मिस्त्री नूरमोहम्मद मला घेऊन गावी निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, ही रोज वापरायची. पेटीत ठेवायची नाही."

पिंपरीत आले आणि पेटीतच पडले! नूरमोहम्मदची आई खैरुन्निसा म्हणाली, "एवढी परदेशी चीज रोज वापरून मळवायची?" तेव्हा पिंपरीत कारखान्यांच्या इमारती नुकत्या उठत होत्या आणि पायाच्या खड्ड्यांत पाणी साचून डास माजले होते. नूरमोहम्मदनं ते बोलून दाखवलं की आळी टर उडवायची, "आले बघा मोंबासावाले!" लग्न निघालं की मात्र सगळ्यांना माझी आठवण. नवरीच्या खुर्चीवर मला ताणायचं आणि टाचण्यांनी झेंडू-मोगरा लावायचा. "काय देखणी गं!" बायका म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटायचं.

अन् नूरमोहम्मदच्या बायकोला, नजमाला, हिवताप आला. पहिलं मूल असंच तापात पोटातच गेलं होतं, आता पुन्हा दिवस भरत आले होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पुन्हा डास चावता कामा नये. दोन जिवांचा प्रश्न आहे."

खैरुन्निसानं घाईघाईनं मला खाटेवर बांधलं. सकाळी पाहते तर आत डास, रक्त पिऊन टम्म! टाचण्यांनी पाडलेली भोकं ओढाताणीत रुंदावली होती. नजमाकडे बघून माझा जीव तीळतीळ तुटला.

तेवढ्यात शेजारच्या कुसुमताई दारात आल्या. "भाभी, आमच्या इंद्रायणीचं लगीन हाय परवा. मच्छरदाणी न्यायला आले."

खैरुन्निसानं खाटेकडे बोट दाखवलं. कुसुमताईंनी नजमाचा उतरलेला चेहरा पाहिला, मग मला हात लावला. "अगं बाई! ही तर आमच्या थोरलीच्या लग्नातली भोकं. हितं मीच टाचलं व्हतं." आणि त्या तशाच माघारी वळल्या.

रागावल्या वाटतं, खैरुन्निसाला वाटलं. पण त्या सुईदोरा घेऊन परत आल्या. मागोमाग आळीतल्या सावित्रीबाई, शालनबाई. लग्नघरची कामं टाकून आपापली भोकं शोधत, हाती येईल त्या रंगाच्या दोऱ्यानं सगळ्याजणी शिवत बसल्या. दिवेलागणीआधी काम झालं.

इंद्रायणी साध्या चादरीखाली नवरी होऊन बसली, कुणाचं काही अडलं नाही. नजमाचा ताप परतला नाही. तिला मुलगी झाली, गुलजार. आता साचलेल्या पाण्यावरून नूरमोहम्मद ओरडला की आळी हसत नाही, मुकाट्यानं डबे पालथे करते.

मला आता कुणी देखणी म्हणत नाही. पण गुलजार माझ्याखाली झोपते आणि जाग आली की लाल टाक्याकडे हात नेते. मित्रांनो, तुमच्या पेटीत माझी एखादी बहीण घडी घालून ठेवलेली असेल, तर आजच बाहेर काढा. तिचं कौतुक नका करू. कड गादीखाली नीट खोचा आणि निजा.