कबुतर पडले त्या टाकीचे झाकण

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी झाकण आहे. चार मजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्या तोंडावर माझे आयुष्य गेले. आता मी कोपऱ्यात पालथे पडले आहे. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला किळस येईल. येऊ द्या, मला तर रोज येते.

एका लोहाराने मला जाड पत्र्यातून कापले, कडा ठोकून वळवल्या आणि बिजागऱ्या लावल्या. "पोरंबाळं पितात हे पाणी, नीट सांभाळ," असे तो मला बसवताना म्हणाला, तेव्हा माझी छाती फुगली होती. ऊन, पाऊस, कावळ्यांची शीट, सगळे मी अंगावर घेतले. त्या काळी टाकी धुवायची तर घरटी एक माणूस वर यायचा. कुणीतरी आठवणीने माझ्या बिजागऱ्यांना तेलही घालायचे.

मग माणसे शहाणी झाली. गच्चीवर इमारतीची सभा भरायची, तिला कुणी येईनासे झाले. इथला नियम असा, की पुरेशी माणसे नसली तर सभा थांबवायची, अर्धा तास वाट बघायची आणि मग असतील तेवढ्यांत उरकायची. त्यामुळे जो तो म्हणे, माझ्यावाचून काय अडले आहे? खुर्च्या मात्र सगळ्यांसाठी मांडल्या जायच्या. त्या रिकाम्या रांगांची मला किळस यायची.

पुढे माझी एक बिजागरी तुटली आणि बाजूला हातभर फट पडली. तळमजल्यावर शिवणकाम करणारी ताई राहायची. तिची चिमुरडी नुकतीच आजारातून उठली होती. ताई सभेत म्हणाली, "आधी झाकण बदला. मी पाणी उकळते हो, पण पोरगी जाता-येता नळालाच तोंड लावते. किती मागे धावू तिच्या?"

अर्धा तास थांबूनही चारच माणसे होती. सेक्रेटरी, त्याचा मेहुणा, इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई आणि ताई. मेहुण्याला फाटक रंगवून हवे होते. "फाटक चारचौघांना दिसतं. झाकण कोण बघायला जातंय?" तो म्हणाला. झाकणासाठी दोन हात वर झाले आणि रंगासाठी दोन. बरोबरी झाली की सेक्रेटरीचे मत दुसऱ्यांदा धरायचे. फाटक हिरवेगार झाले.

टाकीच्या बरोबर खाली, चौथ्या मजल्यावर एक साहेब राहायचे. जिन्यात कुणी चप्पल काढली तरी ते "इडियट" म्हणून ओरडायचे. सभेच्या वेळी त्यांच्या टीव्हीवरच्या मॅचचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता. एक जिना चढून त्यांनी एक हात वर केला असता, तर काम झाले असते.

थोड्याच दिवसांत फटीतून एक कबुतर आत पडले. ते फडफडले, बुडाले, फुगले आणि सडले. मी वर आडवे पडून सगळे बघत होते. सगळी इमारत ते पाणी प्यायली. चिमुरडीला दवाखान्यात नेऊन सलाइन लावावी लागली, तरी कुणी वर फिरकले नाही. साहेबांच्या नळातून पीस आले, तेव्हा कुठे नाकाला रुमाल लावून सगळे जमले. ताई दवाखान्यात पोरीजवळ होती. पहिल्या रांगेतली तिची खुर्ची तेवढी मोकळी होती. तिथे बसायला कुणी धजेना.

साहेब गरजले, "हे असं उघडं ठेवणारा इडियट कोण?"

बाई म्हणाल्या, "हा इडियट शब्द मूळचा ग्रीकांचा. फार जुन्या काळी ते 'इडियोटेस' म्हणायचे. गावच्या कारभारात नसलेला, आपल्यापुरतं बघणारा माणूस. तेव्हा ती शिवी नव्हती हो. शिवी पुढं झाली. का झाली असेल, ते जरा टाकीत वाकून बघा."

साहेब वाकले नाहीत. रुमाल तेवढा त्यांनी घट्ट धरला. त्याच दिवशी नवे झाकण आले आणि मला कोपऱ्यात भिरकावले.

परवा पुन्हा सभा होती. खुर्च्या मांडल्या, अर्धा तास गेला. खालून मॅचचा आवाज येत होता. बाई होत्या, ताई होती आणि तिच्या मांडीवर ती चिमुरडी होती. हातातल्या बाटलीतला प्रत्येक घोट ती आधी हुंगत होती आणि मगच पीत होती. एवढ्याशा पोरीला ही सवय लागली. कबुतराच्या वासापेक्षा मला याचीच जास्त किळस आली.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की सभेला वर येत जा. एकच जिना असतो.